फुकट वीज कोण खातंय? एक पाळी आमच्याबरोबर जागा, मग बोलू



आधी शेताची नोंद. आडसालीची मोठी बांधणी उरकली. खोडव्यातलं पाचट एका आड एक सरीत दाबलं, पेटवलं नाही. हरभऱ्याला पहिलं पाणी दिलं. या आठवड्यात पाळी रात्रीची आहे, म्हणून चार रात्री झोप अर्धी. पिकाविषयी एवढंच. आज जरा भांडायचं आहे.

गेल्या आठवड्यात तालुक्याला एक कार्यक्रम होता. विषय होता उद्योगवाढ आणि वीज. आम्हा शेतकऱ्यांना खुर्च्या भरायला बोलावलं असावं, पण मी गेलो. कारण माझं पोरगं एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, विषय घरातलाच. स्टेजवरच्या एका साहेबांनी बोलता बोलता सांगून टाकलं, "शेतीला फुकट वीज द्यायची म्हणून कारखान्यांचे दर वाढवतात. असंच चाललं तर उद्योग कर्नाटकात जातील. मग तुमची पोरं कुठं कामाला जाणार?"

टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही दोघा-तिघांनी वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आदल्या रात्री बारा ते आठ दारं धरून आलो होतो. डोळे चुरचुरत होते. उठून बोलावं असं वाटलं, पण माइक काय आमच्याकडं आला नाही. म्हणून इथं लिहितोय.

आधी त्यांचं खरं ते खरं म्हणतो. कारखान्याला वीज लागते आणि ती वाढतच जाणार. कोल्हापूरच्या फौंड्र्या घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पट्ट्यात कोळशाची भट्टी जाऊन विजेची इंडक्शन भट्टी आली. एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास लागतात. माझी पाच हॉर्सपॉवरची मोटर आठ तास चालली तर तीस युनिट खाते. म्हणजे एक टन ओतकाम म्हणजे माझ्या वीस पाळ्या. पोरगं सांगतं, भट्टीत माल असताना लाइट गेली आणि वेळेत आली नाही तर लोखंड आतच गोठायला लागतं, भट्टीचं अस्तर खराब होतं, त्या दिवसाचा माल आणि पगार दोन्ही अंगावर. तेव्हा कारखान्याला अखंड आणि परवडणारी वीज पाहिजे या मागणीला माझा विरोध नाही. उलट माझ्या घरची चूल अर्धी त्याच भट्टीवर पेटते.

शेतीच्या विजेचा काही बोजा उद्योगाच्या बिलात जातो, हेही खरं आहे. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ चा वीज कायदा सांगतो की ती हळूहळू कमी करा. मान्य. पण "फुकट खाणारे" म्हणून बोट दाखवायच्या आधी हिशेब पूर्ण मांडा. अर्धा हिशेब सांगून टाळ्या घेऊ नका.

पहिला हिशेब: वीज आली कुठून?

१९१५ साली टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज काढली, ती मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. पुढं मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९२१ मध्ये मावळातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले. तुरुंगात गेले, पण जमिनी पाण्याखाली गेल्याच. नंतर आपली कोयना. १९६२ पासून वीज सुरू झाली, आज १९६० मेगावॅट क्षमता आहे. महाराष्ट्रातल्या उद्योगाला उभं करण्यात कोयनेचा वाटा कुणी नाकारत नाही. पण त्यासाठी कृष्णा खोऱ्यातलं पाणी, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडं सोडतात. ते पाणी परत आमच्या खोऱ्यात येत नाही. ज्यांची गावं बुडाली, त्यांच्यातल्या कित्येकांचं पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरं झालेलं नाही, आजही धरणग्रस्त आंदोलनाला बसतात. विदर्भात चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. कोळशाची खाण, राख, धूर हे तिथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला, आणि वीज साऱ्या राज्याला.

त्या विजेच्या तारा जातात कुठून? आमच्याच रानातून. मनोऱ्याच्या चार पायांत नांगर फिरत नाही. तारा लोंबकळून ठिणगी पडली की वाळलेल्या पाचटाचा ऊस तासाभरात जळतो. मग पंचनामा, मग चकरा. तेव्हा शेतकऱ्याने विजेला काही दिलंच नाही, नुसती घेतली, असं कुणी म्हणू नये. जमीन, पाणी, गाव एवढं देऊन झालं आहे.

दुसरा हिशेब: फुकट म्हणजे किती आणि कुणाला?

एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीजबिल माफ केलं. मार्च २०२९ पर्यंतची योजना आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात, आणि सरकार त्यासाठी वर्षाला चौदा हजार कोटींच्या वर रक्कम वीज कंपनीला देतं. लक्षात घ्या, रक्कम कंपनीला मिळते, माझ्या खिशात येत नाही. आता प्रश्न असा की वीज किती वापरली हे मोजलं कुणी? लाखो पंपांना मीटरच नाही. जिथं आहेत तिथंही कित्येक बंद पडलेत. बिल होतं हॉर्सपॉवरवर. मोटर चालली काय आणि डीपी जळून पंधरा दिवस रान कोरडं पडलं काय, बिल तेच. जागेवर तीनची मोटर आणि बिलावर पाच लिहिलेलं, अशी उदाहरणं प्रत्येक गावात सापडतील. तुमच्या बांधावर विचारा.

इचलकरंजीचे प्रताप होगाडे वीज ग्राहक संघटनेच्या वतीने कित्येक वर्षं हेच मांडत आलेत: शेतीच्या नावावर दाखवलेला वापर फुगवलेला असतो आणि त्याच्याखाली गळती आणि चोरी झाकली जाते. आता हा माणूस कुठला? यंत्रमागाच्या गावचा. म्हणजे उद्योगाच्या बाजूनेही हेच सांगितलं जातंय. शेतकऱ्याच्या नावाने गळती लपवली की दोघं मरतात. शेतकरी फुकट्या ठरतो आणि मागवाल्याला जादा बिल येतं. मधला तेवढा सुटतो. साहेब, तुमचं भांडण त्याच्याशी पाहिजे, माझ्याशी नाही.

अजून एक. मोठे कारखाने बाहेरून वीज विकत घेऊ शकतात, स्वतःचा सौर प्रकल्प टाकू शकतात. २०२२ च्या नियमांनी हिरव्या विजेसाठी ती मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली. चांगलंच आहे, घ्या. पण मोठं गिऱ्हाईक बाहेर पडलं की बोजा राहतो तो छोट्या फौंड्रीवाल्यावर, मागवाल्यावर, पिठाच्या गिरणीवर. म्हणजे दर वाढण्याचं कारण नुसता शेतीपंप नाही.

तिसरा हिशेब: उसातून किती वीज परत जाते?

हा हिशेब मी वहीत मांडलाय. चुकला असेल तर कृषी खात्यातल्या मित्रांनी दुरुस्त करावा. माझ्या रानात एकराला एक पाणी द्यायला एक पाळी जाते, तीस युनिट. वर्षाला तीस पाणी धरा, नऊशे युनिट झाले. नदीवरून लांबून उचलायचं असेल तर दुप्पट धरा, अठराशे.

आता त्याच एकरात पन्नास टन ऊस आला. टनाला पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघतो. जास्त दाबाचा चांगला बॉयलर असलेला साखर कारखाना स्वतःचा वापर भागवून टनामागं शंभराच्या आसपास युनिट बाहेर विकू शकतो. पन्नास टनाला पाच हजार युनिट. मी घेतले जास्तीत जास्त अठराशे, माझ्या रानातून गेले पाच हजार. मग फुकट खातंय कोण?

आणि त्या पाच हजारांचे पैसे? राज्यात २०१३ च्या ऊसदर कायद्यात सत्तर-तीसचं सूत्र आहे. त्यात साखरेबरोबर मळी, बगॅस, प्रेसमड धरतात. पण बगॅस धरायचा तो बगॅसच्या भावाने. त्याची पुढं वीज झाली की ती शेतकऱ्याच्या हिशेबात येत नाही. ज्या विजेने उद्योग चालायचा तिचं सरपण आमचं, आणि आम्हीच फुकटे.

कापूसवाल्या मित्रांनो, तुमचंही तेच आहे. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार दाबून ज्या कांड्या करतात त्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात. औष्णिक केंद्रांनाही कोळशात ठराविक टक्के असा काडीकचरा मिसळायचं केंद्राचं बंधन आहे. शेतातून पऱ्हाटी कुठं कवडीमोलाने जाते, कुठं बांधावर जळते. दाबून झाली की तिलाच टनावर भाव येतो. मधली दाबणी आपल्या गटाने, आपल्या शेतकरी कंपनीने का करू नये, हा प्रश्न स्वतःलाही विचारा. मात्र सगळंच विकून टाकू नका, रानाला काडी लागते. सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेलाय. माझं पाचट मी विकत नाही, सरीतच दाबतो.

चौथा हिशेब: रात्रीचा.

चार दिवस रात्री, तीन दिवस दिवसा, अशी थ्री फेजची पाळी. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतला एकजण रात्री दोनला पाणी बदलायला गेला आणि घोणसावर पाय पडला. जीव वाचला, पण पायाचा पंजा अजून नीट टेकत नाही. दोन महिने घरी बसला, वाट्याने केलेलं रान सुटलं. शिराळा-कराड पट्ट्यात उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बायकामाणसं रात्री रानात जात नाहीत, म्हणजे घरातली निम्मी माणसं पाण्याच्या कामातून बाद झाली.

आता आपल्याही चुका बोलू. रात्री जाऊ नये म्हणून आपण ऑटो स्विच लावतो. लाइट आली की मोटर सुरू. आपण घरी झोपेत, पाणी सरीतून ओघळात. एका सरीला जेवढं पाहिजे त्याच्या तिप्पट जातं. शिरोळकडच्या रानात जाऊन बघा, क्षारपड होऊन चांगली जमीन पांढरी पडली आहे. त्याला पाण्याचा हा आळसही कारण आहे. बिल नाही म्हणून कॅपॅसिटर बसवत नाही, फूटव्हॉल्व्ह गळका तसाच ठेवतो, जुनी गुंडाळलेली मोटर जादा करंट ओढते ती चालू देतो. शेजाऱ्याने आकडा टाकला तर गप्प बसतो आणि डीपी जळली की वायरमनला शिव्या देतो. हे आपलं पाप आहे, ते साहेबांच्या माथी मारता येत नाही.

पण ठिबकचा माणूस सांगेल, ठिबक दिवसा चालवायचं असतं. दाब बघायला लागतो, फिल्टर धुवायला लागतो, खत सोडताना उभं राहायला लागतं. रात्री दोनला विद्राव्य खताची टाकी कोण बघणार? वीज रात्रीची ठेवून "शेतकरी पाणी नासतो" म्हणायचं, हे बरं आहे.

आता उपाय. नुसतं भांडून घरी जायचं नाही.

रात्री बाराला मी रानात दारं धरत असतो, त्याच वेळी माझं पोरगं तिसऱ्या पाळीत भट्टीपाशी उभं असतं. कित्येक वर्षं कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागं दीड रुपयाची सवलत होती, म्हणून फौंड्र्या रात्री ओतकाम काढायच्या. म्हणजे बाप आणि लेक एकाच वेळी एकाच तारेवरून वीज ओढणार, दोघं रात्रीचे जागणार. आणि आता दिवसा काय होतंय? उन्हाची वीज आली. केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार उन्हाच्या तासांत दर किमान वीस टक्के कमी ठेवायचा आहे, आधी उद्योग-व्यापाराला आणि नंतर इतरांना. शेती त्यातून वगळली आहे. बिल माफ असलेल्याला दराची सवलत कशाला, हे ठीक. पण मला सवलत नको, दिवस पाहिजे!

साधी गोष्ट आहे. पंप दिवसा चालवला तर पिकाचं काही बिघडत नाही. उलट ऊन आहे तेव्हाच पिकाला पाणी लागतं. ढग आले, सौर वीज कमी पडली, तर पाणी एक दिवस मागं ढकलता येतं. भट्टी मागं ढकलता येत नाही, वितळलेलं लोखंड थांबत नाही. मग उन्हावर चालायला सगळ्यांत सोयीचं कोण? शेतीपंप. सगळे शेतीचे फिडर दिवसाच्या सौर विजेवर घ्या, म्हणजे रात्रीची वीज, कोयनेचं पाणी आणि कोळशाचे संच, तीन पाळ्या चालणाऱ्या कारखान्याला मोकळे होतील. शेतीला दिवसा वीज देणं ही उद्योगाचीच सोय आहे, हे त्या साहेबांना कुणीतरी सांगा.

योजना आहे. २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी सुरू झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प आणि त्यावर शेतीचा फिडर. जिथं झालं तिथं शेतकरी दिवसा पाणी पाजतोय. त्यामुळं माझ्या मागण्या नव्या नाहीत, पण त्या नीट आणि लवकर व्हाव्यात.

एक. मीटर लावा. होय, शेतकरी असून मी म्हणतोय मीटर लावा. निदान प्रत्येक डीपीवर आणि फिडरवर लावा आणि महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वीज किती आली, किती वापरली, किती गळाली ते सगळ्यांना दिसू दे. मीटरला आपण भितो, कारण उद्या बिल येईल असं वाटतं. पण मीटर नाही म्हणूनच आपल्या नावावर कुणीही काहीही लिहितंय.

दोन. सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने द्या, विकू नका. दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर आहे. मुरमाड, पडीक माळाला हा दर वाईट नाही. पण बागायतीला हात लावू नका. आणि दलाल पाच लाखात सातबारा फिरवायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. करार वकिलाला दाखवा, मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण काढणार ते लिहून घ्या.

तीन. बगॅसच्या विजेत ऊस उत्पादकाचा वाटा धरा. टनाला चार पैसे का असेनात, हिशेब तर दाखवा.

चार. ही कारखान्यांना. आधी घरची गळती काढा. पोरगं सांगतं, रविवारी काम बंद असताना हवेचा कॉम्प्रेसर नुसता चालू केला तरी तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप भरायला लागतो. वापरणारा कुणी नाही, मग हवा जाते कुठं? पाइपच्या सांध्यांतून. माझा गळका फूटव्हॉल्व्ह आणि तुमचा गळका पाइप, दोन्ही एकच. शेडच्या पत्र्यांवर सौर पॅनल टाका, ते छप्पर कुणाच्या पोटावर पाय देत नाही. ते करून झाल्यावर माझ्या माळाकडं बघा.

कर्नाटकात जायची धमकी दर दोन वर्षांनी येते. जायचं त्याने जावं असं मी म्हणणार नाही, माझं पोरगं तिथं आहे. पण कर्नाटकातही शेतीपंपाला वीज मोफतच आहे हे साहेब बोलले नाहीत. तिथंही शेतकरीच आहेत.

शेतकरी आणि कामगार ही दोन वेगळी माणसं असल्यासारखं स्टेजवरून बोलतात. आमच्याकडं ती एका ताटात जेवतात. एकाचं बिल दुसऱ्यावर ढकलून आमच्या घरात काही शिल्लक राहत नाही.

माझ्या वहीतले आकडे तपासा. तुमच्या रानाला वर्षात किती पाणी, किती हॉर्सपॉवर, बिलावर किती, जागेवर किती, ते खाली लिहा. पन्नास जणांचे खरे आकडे जमले तर पुढच्या सुनावणीला कागद घेऊन जाता येईल. नुसतं "सहमत" लिहू नका.

आज पाळी रात्री बाराची आहे. खालच्या अंगाच्या नऊ सऱ्या राहिल्यात. त्या साहेबांना कुणी ओळखत असेल तर निरोप द्या, बॅटरी आणि काठी माझ्याकडं दोन-दोन आहेत, गमबूट मात्र स्वतःचे आणा.